डॉक्टरांची सीट

जुन्या गाडीत ड्रायव्हरची सीट सगळीकडून सारखी झिजत नाही. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून आधी जाते ती दाराकडची उजवी कड. बसताना माणूस त्या कडेवर टेकतो आणि मग आत सरकतो. उतरताना पुन्हा सगळा भार तिच्यावरच टाकून पाय बाहेर काढतो. पँटचं कापड रोज तिथंच घासतं. आधी पायपिंगची दोरी उघडी पडते, मग रेक्झिनला बारीक चिरा जातात, त्यातून घाम आणि पावसाचं पाणी आत उतरतं. शेवटी खालची स्प्रिंग फ्रेमला जिथं अडकवलेली असते, नेमकी तिथंच गंजून तुटते.

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीची सीट अशीच गेली होती, पण इतरांच्या मानानं फार लवकर. 1982 सालची बदामी रंगाची गाडी. कागदावर पद्मिनी, पण आम्ही आणि आमचा सगळा मोहल्ला तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आलो. बाबा कुर्ला पश्चिमेला जनरल प्रॅक्टिस करायचे. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दुपारी व्हिजिटा, आणि रात्री कुणी दार वाजवलं की पुन्हा बॅग घेऊन बाहेर. गाडी अशी फार लांब कधी जायचीच नाही. या गल्लीतून त्या गल्लीत, दहा मिनिटं चालवायची, उतरायचं, जिने चढायचे, पुन्हा बसायचं. त्या उजव्या कडेनं जेवढी चढउतार सोसली तेवढी मुंबई-पुणे करणाऱ्या गाडीनंही सोसली नसेल.

ती सीट आज ठणठणीत आहे. मी ती घरीच, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून दुरुस्त केली. मला ते काम आलं ते मास्तरांमुळे, आणि ही हकीगत लिहायला घेतली तीही त्यांच्यासाठीच.

मास्तर आमच्या जुन्या चाळीत तळमजल्यावर राहायचे. मूळचे संगमेश्वराकडचे, धंदा कुशनचा. कुर्ल्यात त्या काळी या धंद्याला मरण नव्हतं. वालचंद हिराचंदांनी 1944 साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथलाच. फियाट 1100 इथंच बनायची, 1970च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. कारखान्याच्या आजूबाजूला गॅरेजं, पत्र्याचं काम करणारे, रंगवाले आणि कुशनवाले असा सगळा पसारा उभा राहिला. सीएसटी रोडवर गाडीचा कुठलाही भाग मिळतो ही ख्याती तेव्हाची, अजूनही टिकून आहे. मास्तरांचं मुख्य गिऱ्हाईक टॅक्सीवाले. एका टॅक्सीवर दिवसपाळीचा एक आणि रातपाळीचा एक असे दोघं चालवणार, म्हणजे सीटला चोवीस तासांत विसावा असा नाहीच. मास्तर म्हणायचे, “दोघांचं वजन वेगळं, बसायची तऱ्हा वेगळी. सीट दोघांनाही जमली पाहिजे.” गिऱ्हाईकाला आधी बसवायचं, बाजूनं बघायचं, आणि मगच सीट सोडवायची, ही त्यांची पद्धत होती.

बाबांचा आणि त्यांचा संबंध जुना. काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, टीबी झाला होता. चाळीतल्या लोकांनी नळावरसुद्धा त्यांच्यापासून अंतर ठेवलं तेव्हा बाबा रोज त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि गोळ्या आपल्यासमोर घ्यायला लावायचे. बरं वाटायला लागलं की लोक औषध सोडतात आणि आजार उलटतो, म्हणून शेवटची गोळी संपेपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही. फी घेतली नाही. आई डबा पाठवायची. हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण लहानपणी मला एवढं कळत होतं की त्या घरावर आपले उपकार आहेत. हा हिशोब मी जवळजवळ पन्नाशीपर्यंत तसाच धरून चालले होते.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी आमच्या बाजूला पसरली. गाडी दवाखान्याबाहेर उभी होती, ती काचांपर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आत हातभर गाळ होता आणि सीटवर कुणाच्या तरी घरातलं पितळी भांडं येऊन बसलं होतं. त्या आठवड्यात कुर्ल्यात गाड्या भंगाराच्या भावानं गेल्या. बाबांना मात्र गाडीकडे बघायलाही सवड नव्हती. पुरानंतर लेप्टोचा ताप सुरू झाला. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या ओरखड्यातून तो शरीरात शिरतो. डोळे लाल, पोटऱ्या ठणकायला लागतात, आणि उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. बाबा ऑगस्टभर पायीच हिंडत होते. खिशात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि पायात गमबूट.

त्या दिवसांत मास्तर कुणालाही न विचारता गाडीजवळ गेले, चारही बोल्ट खोलून पुढची सीट काढली आणि चाळीच्या गच्चीवर नेली. इंजिनाचं ओळखीच्या मेकॅनिकनं बघितलं. ऑइल बदललं, कार्बोरेटर खोलून धुतला, वायरिंग सुकवलं. त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक असं काही नव्हतंच, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. सप्टेंबरात बाबा तिच्यात बसले तेव्हा सीट धुतलेली होती, वास नव्हता, आणि मास्तरांनी “काय नाय, सुकवली फक्त” एवढंच सांगितलं होतं.

बाबा गेल्यावर गाडी बरीच वर्षं कव्हरखाली राहिली. मी नोकरीतून मोकळी झाल्यावर ती पुन्हा चालवायची ठरवलं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्यानं करावं लागतं, ते सोपस्कार झाले. इंजिन तयार झालं. सीटवर बसले तर मी उजवीकडे कलत होते आणि मांडीखाली काहीतरी टोचत होतं. दोन-तीन ठिकाणी दाखवली. सगळ्यांचं म्हणणं एकच, ही काढून टाका आणि नव्या गाडीची तयार सीट बसवा. ते मला मान्य नव्हतं. ही फ्रेम जाड लोखंडाची आहे. वेल्डिंग पक्कं आहे. वरचं सामान झिजलं म्हणून सांगाडा भंगारात घालायचा, या विचारात मला आळस दिसतो.

मास्तरांना जाऊन भेटले. आता ते मुलाकडे राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. धंदा कधीच बंद झाला. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्याच्या कितीतरी आधी त्यांचे हात थरथरायला लागले होते. मी म्हटलं, “मास्तर, सीट करायची आहे. कोण करेल?” ते म्हणाले, “तुम्ही कराल. मी बसतो शेजारी.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच काठी टेकत आले. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले.

(नव्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगते. सीटच्या बाजूत एअरबॅग असेल तर हे काम घरी करू नये. तिच्या वायरिंगला आणि शिलाईला जाणकारानंच हात लावावा. आमच्या फियाटला तसलं काही नव्हतं.)

रुळाचे बोल्ट आदल्या रात्री रॉकेलमध्ये भिजवून ठेवले होते, ते सुटले. सीट उलटी केली. खालच्या बाजूला कव्हर फ्रेमला लोखंडी रिंगांनी आवळलेलं असतं. मास्तरांनी एकही रिंग कापायच्या आधी सगळीकडून फोटो काढायला लावले आणि खडूनं प्रत्येक तुकड्यावर बाण काढायला लावले. वरची बाजू कुठली, पुढची कुठली. “कव्हर फाडायचं नाय. उसवायचं. जुनं कव्हर हाच तुमचा कागद.” मी ब्लेडनं एकेक टाका उसवत गेले. रेक्झिनच्या आतल्या बाजूला कापडाच्या नळीतून एक तार गेलेली होती. तीच तार खाली ओढून बांधतात म्हणून सीटला मधे खाच पडते, हे मला तेव्हा कळलं. रेक्झिन निघालं. खाली मांजरपाटाचं अस्तर, त्याखाली रबर मारलेल्या काथ्याची गादी. फोम पाणी धरून ठेवतो आणि वर्षागणिक भुसभुशीत होत जातो. काथ्यातून हवा आणि पाणी आरपार जातं, म्हणून तो धुऊन वाळवता येतो. पुरातून ही गादी वाचली ती त्यामुळे.

काथ्याची गादी उचलली आणि खाली जे दिसलं ते बघून मी मास्तरांकडे बघितलं.

फ्रेमच्या उजव्या बाजूच्या दोन नागमोडी स्प्रिंगा टोकाशी तुटलेल्या होत्या. त्यांच्या जागी खाटेची नवार ताणून बसवलेली, तीन पट्ट्या, फ्रेमभोवती दोनदा गुंडाळून दाभणानं शिवलेल्या. त्यावर गोणपाट. आणि गोणपाटावर, बरोबर उजव्या मांडीखाली येईल अशी, एक पाचर. दाराकडे दोन बोटं जाड, आत कागदाएवढी पातळ होत गेलेली. आत काथ्या भरलेला आणि वरून जुन्या सुती लुगड्याचं कापड. हिरवा रंग विटून गेलेला, काठाची एक बारीक रेघ अजून लाल. त्या कापडावर गोधडीचा धावदोरा घातलेला होता, एकाआड एक ओळी, अगदी जवळ जवळ, म्हणजे काथ्या हलू नये. टाका मास्तरांचा नव्हता. मास्तर मेणाचा जाड दोरा वापरायचे. हा घरातला दोरा होता.

“हे काकूंनी शिवलंय?”

“हो. बाजार बंद होते ना तेव्हा. फोम कुठला मिळायला? घरात होतं त्यातलं घेतलं.”

“पण पाचर कशाला?”

“डॉक्टर उजवीकडे कलून बसायचे. स्प्रिंग तुटल्यापासून. उतरताना दार धरून क्षणभर उभे राहायचे, मी दुकानातून बघायचो. कंबर धरली होती त्यांची. एकदा मी म्हटलं, सीट टाका माझ्याकडं दोन दिवस. तर म्हणाले, दोन दिवस गाडीशिवाय कसं जमेल? मग पुराच्या वेळी गाडी तशीच पडून होती.”

“बाबांना सांगितलंत?”

“नाय. सांगितलं असतं तर पैसे विचारले असते.”

यातली वैद्यकीय बाजू अगदी साधी आहे. सीट एका बाजूला खचली की ओटीपोटाची हाडं तिरकी होतात, तोल सांभाळायला पाठीचा कणा उलट वाकतो, आणि कंबरेत किंवा पायात कळ सुरू होते. बाबा हेच रोग्यांना समजावून सांगायचे, मागच्या खिशात पाकीट ठेवून टॅक्सी चालवणाऱ्यांना तर रागावून सांगायचे. स्वतःच्या सीटपुरता त्यांना वेळ नव्हता. त्या ऑगस्टनंतर त्यांची कंबर दुखायची थांबली. महिनाभर पायी हिंडलो त्याचा हा गुण, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पुढे आयुष्यभर जो येईल त्याला चालायला सांगितलं. चालणं चांगलंच. पण त्यांची कंबर वर उचलून धरली होती ती काकूंच्या लुगड्याच्या पाचरीनं, आणि ते न कळताच ते गेले. मी पार्किंगच्या फरशीवर ती पाचर हातात घेऊन बसले होते आणि मला रडू आवरलं नाही. मास्तरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “चला, स्प्रिंग बघू.”

नागमोडी स्प्रिंग गुंडाळीनं मिळते. सीएसटी रोडवरून आणली, फ्रेमच्या मापानं कापली. कापलेलं टोक आत वळवावं लागतं, नाहीतर ते क्लिपमधून निसटतं. एक टोक मागच्या क्लिपमध्ये घालायचं, दुसऱ्या टोकाला जाड दोरी बांधून स्प्रिंग पुढे ओढायची आणि पुढच्या क्लिपमध्ये अडकवायची. अडकल्यावर ती आपोआप वर कमान धरते, तीच तिची ताकद. हातातून सुटली तर बोट फोडेल, म्हणून जाड हातमोजे हवेत. मास्तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर येऊन “ओढा, ओढा, अजून” म्हणत होते आणि त्यांचेही हात हवेत आवळले जात होते. फ्रेम आधीच पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड मारलं होतं. स्प्रिंगा एकमेकींना सुतळीनं बांधल्या, म्हणजे एकीवर आलेला भार शेजारणीही वाटून घेतात. वर नवं गोणपाट, नाहीतर तार गादीला कापत जाते.

मधली काथ्याची गादी चांगली होती, ती ठेवली. उजवी कड मात्र पार चुरली होती. मास्तरांनी तेवढा भाग तिरका कापून काढायला लावला आणि तिथं 40 डेन्सिटीचा फोम बसवायला सांगितला. हा आकडा म्हणजे एका घनमीटरला किती किलो. मऊ लागतो म्हणून हलका फोम घेतला तर सहा महिन्यांत बसतो. फोम करवतीच्या पानानं कापला. एसआर, म्हणजे चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नेमकं दाबायचं. थांबण्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत मास्तर गावच्या गोष्टी सांगायचे. नंतर पॉलिश पेपरनं फोमला गोलाई दिली. इथं मास्तरांनी डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवला. थरथरता हात, पण उंचवटा कुठं आहे ते त्यांना लगेच कळलं. तीन वेळा घासायला लावलं.

शिलाई आईच्या उषा मशीनवर केली. उसवलेले तुकडे नव्या रेक्झिनवर पालथे ठेवून आखले, अर्धा इंच माया सोडली, जोडायच्या जागी समोरासमोर खुणा केल्या. अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा. टाका लांब ठेवायचा. जवळ जवळ टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला भोकं असतात तशी रेक्झिनला भोकांची ओळ पडते आणि ओढ बसताच ते तिथून फाटतं. रेक्झिन मशीनच्या पायाखाली अडकत होतं, म्हणून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पायपिंगच्या वळणावर मशीन पायानं चालवायचंच नाही, चाक हातानं फिरवायचं. हे सगळं मास्तर एकेका वाक्यात सांगत. पुढचं पाऊल आधी कधी सांगायचे नाहीत. मी तिथं पोचले की मगच. शिकवणारा माणूस एवढा धीर धरतो, हे मी पूर्वी फार थोड्यांमध्ये पाहिलं आहे.

शिवलेलं कव्हर दुपारच्या उन्हात टाकलं. ऊन लागलं की रेक्झिन मऊ पडतं. गादीवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवली, तिच्यावरून कव्हर सरकत खाली आलं, मग पिशवी ओढून काढली. तार खाचेत ओढून बांधली, आधी मध्य आणि मग दोन्ही बाजू, आणि शेवटी कोपरे. एका कोपऱ्यात तोंड उघडं राहिलं होतं तिथं मास्तरांनी पिशवीतून आपलं वाकडं दाभण काढून माझ्या हातात दिलं आणि आतून टाका कसा घालायचा ते दाखवलं. दाभण परत द्यायला गेले तर म्हणाले, “राहू दे तुमच्याकडं.”

पाचर मला परत तिच्या जागीच ठेवायची होती. मास्तर ऐकेनात. “स्प्रिंग सरळ झाली. आता पाचर घातली तर तुम्ही डावीकडे कलाल. सीट बसणाऱ्याच्या मापाची पाहिजे.” शेवटी आतला काथ्या काढला आणि लुगड्याचा तो तुकडा पाठीच्या गादीमागे, जिथं भार येत नाही तिथं, अस्तर म्हणून शिवला. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगो, ते अजून हाय? फेकलंस नाय?”

मजुरीचा विषय मी काढला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. लहानपणापासून मी धरून चाललेला हिशोब उलटाच होता. बाबांनी काकूंचं औषध पुरं केलं हे खरं. पण पुराच्या चिखलात, स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी येऊन गेलेलं असताना, या दोघांनी आधी आमची सीट गच्चीवर नेली. त्याबद्दल आमच्या घरातून त्यांना साधे आभारही कधी गेले नाहीत, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. आता त्या हिशोबात हे शिकवणंही जमा झालं. हे ऋण माझ्यावर आहे आणि ते असू दे.

मास्तरांनी एक गोष्ट मात्र मागितली. शिमग्याला गावी न्या म्हणाले, फियाटनं. वडखळ, महाड, कशेडी, मग चिपळूण, संगमेश्वर. मास्तर माझ्या शेजारी बसणार आणि काकू मागे. मागच्या सीटवर माणसं फुटपाथच्या बाजूनं चढतात, म्हणून तिची डावी कड गेलेली आहे. बाबा रोग्यांना त्याच सीटवर झोपवून दवाखान्यातून सायन हॉस्पिटलला न्यायचे, तेव्हा मधली स्प्रिंगही सैल असणार, असं मास्तरांचं मत आहे. गोणपाट आणि सुतळी आणून ठेवली आहे. रविवारी उसवायला घेतोय. काकूही येणार आहेत, आतलं अस्तर त्यांनाच शिवायचं आहे.